विंडोज ११ टाकल्यापासून ई ड्राइव्ह येतो-जातो, कॉम्प्युटर मधेच थिजतो

पॅटर्नवाला_उद्यमनगर
सोमवार, सकाळी ११.२०

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचं पॅटर्न शॉप आहे. फौंड्रीत ओतकामाआधी वाळूत ज्याचा ठसा घेतात, तो लाकडाचा नाहीतर अॅल्युमिनियमचा नमुना आम्ही करतो. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांची कामं. कॉम्प्युटर हा माझा प्रांत नव्हे, पण ड्रॉइंग सगळी त्याच्याच पोटात. कालपासून जीव टांगणीला लागलाय.

मशीन २०१८ ला गावातच एकाकडून जोडून घेतलेलं. आय-५ ८४००, ८ जीबी रॅम, २५० जीबीच्या एसएसडीवर विंडोज (सी) आणि २ टीबीची साधी हार्डडिस्क (ई). ई वर ११ वर्षांची ड्रॉइंग, लाकूड कोरणाऱ्या राउटर मशीनचे प्रोग्राम, बिलं, सगळं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला हे ठाऊक होतं. बघू, बघू म्हणत ढकललं. परवा लेक म्हणाली, "बाबा, मी करतो." (आमच्याकडं मुलीही करतो-जातोच म्हणतात, पुण्याच्या मंडळींनी दचकू नये.) तपासणीत टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) नाही असं आलं, म्हणून तिनं बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन पीटीटी, म्हणजे इंटेलचं अंगचंच टीपीएम, चालू केलं. दुसरं काही हलवलं नाही म्हणते, आणि ती खोटं बोलत नाही. अपग्रेडच्या आधी एक फुकटातलं ड्रायव्हर अपडेट करणारं सॉफ्टवेअर चालवलं. त्यानं चौदा का पंधरा ड्रायव्हर जुने काढले, तिनं सगळ्यांना टिक करून टाकली. मग विंडोज ११. रात्री अकराला नवीन पडदा आला, आम्ही खूश होऊन शटर ओढलं.

काल सकाळपासून तमाशा. चालू झाल्यावर पाच-दहा मिनिटं सगळं छान. मग ई वरची एखादी मोठी फाइल उघडली की माउस हलतो पण बाकी सगळं थिजतं. अर्धा मिनिट, कधी मिनिट. हार्डडिस्कचा लाल दिवा पेटलेला तो पेटलेलाच. मग एकदम जीव आल्यासारखं पुढं चालतं. दोन वेळा तर ई ड्राइव्ह यादीतूनच गेला, रीस्टार्ट केल्यावर परत आला. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) लेकीनं दाखवलं: १२९ नंबरच्या पिवळ्या खुणांची रांग, प्रत्येकीत 'रेडपोर्ट० ला रीसेट दिला' अशा अर्थाचं. काल दिवसभरात ६३ मोजल्या. आज सकाळी चालू करताना 'ई तपासून दुरुस्त करू का' असं विचारत होतं, ते मी बटण दाबून टाळलं. बरोबर केलं की चूक, ते सांगा.

बॅकअप आहे का, हे विचारणार तुम्ही. सांगतो. घर दुधाळीला. २०१९ च्या ऑगस्टात पुराचं पाणी आलं तेव्हा बॅकअपची डिस्क कपाटाच्या खालच्या खणात होती. संपली. दुसरी आणली, ती माळ्यावर ठेवली. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, पण ती वाचली. वाचली या आनंदात तिच्यात कॉपी करायचंच राहून गेलं. शेवटची तारीख मार्च २०२३ ची आहे. हसा.

प्रश्न एवढाच: हा ड्रायव्हरचा घोळ आहे का डिस्क मरायला टेकलीय? उद्या सकाळी एका गिऱ्हाइकाला कोअर बॉक्सचं (कास्टिंगच्या पोकळीसाठी वाळूचा गाभा ज्यात करतात त्या साच्याचं) ड्रॉइंग द्यायचंय, तेही ई वरच.

सातवी_गल्ली
सोमवार, सकाळी ११.४८

काका, निवांत. आमच्या राजारामपुरीतल्या ऑफिसात दोन मशीनला असंच झालेलं. १२९ म्हणजे विंडोजनं डिस्कला काम सांगितलं, ठरलेल्या वेळात उत्तर आलं नाही, म्हणून कंट्रोलरला रीसेट मारला. तुमच्या बायोसमध्ये साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) साधा एएचसीआय नसून रेड (अनेक डिस्क जोडून चालवणं) किंवा इंटेल आरएसटी (इंटेलचा स्वतःचा डिस्क ड्रायव्हर) असा असू शकतो. नोंदीतलं रेडपोर्ट हे नाव एएचसीआयलाही येतं, म्हणून बायोसमध्येच बघून घ्या. जुना आरएसटी ड्रायव्हर आणि नवीन विंडोज यांचं पटत नाही.

उपाय: एएचसीआय करून टाका, विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर चालेल. फक्त बायोसमध्ये थेट बदलू नका. तसं केलंत तर विंडोज चालूच होणार नाही, 'इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणून पडदा येईल. आधी एमएसकॉन्फिग उघडा, बूटमध्ये सेफ बूटला टिक करा. रीस्टार्ट करून बायोसमध्ये जा, एएचसीआय निवडा, सेव्ह करा. सेफ मोडमध्ये विंडोज नवीन ड्रायव्हर आपोआप उचलतं. मग ती टिक काढा आणि पुन्हा रीस्टार्ट. पाच मिनिटांचं काम आहे. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ आकड्यांची की आधी लिहून ठेवा, बायोस हलवलं की मागते.

भुसा_आणि_केबल
सोमवार, दुपारी १२.१०

पॅटर्न शॉप म्हणजे भुसा. कॅबिनेट उघडून केबल आधी बदला. क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकून ०५, सी५ आणि सी७ या तीन ओळी बघा. पहिल्या दोन वाढल्या असतील तर डिस्कचा पृष्ठभाग खराब होतोय, सी७ वाढलेली असेल तर केबल. अपग्रेडच्याच रात्री केबल सैल होणं हा योगायोग म्हणाल, पण मी असे योगायोग भरपूर बघितलेत.

आणि ते दुरुस्त करू का विचारणारं टाळलंत ते बेस. डिस्क मधेच हात सोडत असताना चेकडिस्क चालवणं म्हणजे चालत्या रिक्षात दाढी.

पॅटर्नवाला_उद्यमनगर
सोमवार, दुपारी १.०५

केबल बदलली, दुसऱ्या पोर्टला लावून बघितली. फरक नाही. ०५ शून्य, सी५ शून्य, सी७ वर २ आहे आणि तासाभरात ती हललेली नाही. म्हणजे डिस्क बरी दिसतेय. बिटलॉकर बंदच आहे.

सातव्या गल्लीवाल्यांचं ऐकून सेफ बूटची टिक केलीय. बायोसमध्ये साटा मोड खरंच एएचसीआय नाही, लांबलचक नाव आहे, 'आरएसटी प्रीमियम' असं काहीतरी. आता जेवून येतो आणि बदलतो.

रात्रपाळी
सोमवार, दुपारी १.१२

जेवा, पण बदलू नका. टिकसुद्धा काढून ठेवा.

आधी एक सांगा. ज्यानं मशीन जोडलं त्यानं आरएसटी प्रीमियम का निवडलं असेल? रेड करायचं तर दोन डिस्क जोडीच्या लागतात, तुमच्याकडं एक एसएसडी आणि एक हार्डडिस्क. त्यातून रेड कुणी करत नाही. पण २०१८, आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि २ टीबीची साधी हार्डडिस्क, हे तिन्ही एकत्र आलं की मला एकच वस्तू आठवते: ऑप्टेन मेमरी. १६ जीबीची छोटी पट्टी, मदरबोर्डवर आडवी बसते. तेव्हा हार्डडिस्क पळवायला म्हणून जोडून विकायचे. त्याच वर्षापासून ती विंडोजच्या डिस्कलाच नव्हे, तर डेटाच्या डिस्कलाही जोडता यायला लागली.

ती जोडलेली असेल तर ई ही एकटी हार्डडिस्क नाहीच. तुम्ही सेव्ह केलेलं आधी पट्टीत जातं, हार्डडिस्कवर सवडीनं उतरतं. म्हणजे या क्षणी तुमची ताजी ड्रॉइंग आणि कदाचित फोल्डरच्या याद्यासुद्धा पट्टीत असतील. ही जोडी ओळखतो तो आरएसटी ड्रायव्हरच. एएचसीआय केलंत की विंडोजला दोन सुट्या वस्तू दिसणार, आणि अर्धवट हार्डडिस्क बघून ते म्हणणार, फॉरमॅट करू का. तिथं चुकून काही लिहिलं गेलं की पट्टीतलं आणि डिस्कवरचं पुन्हा जुळत नाही.

मशीन पूर्ण बंद करा. शिफ्ट दाबून शट डाऊन करा, म्हणजे फास्ट स्टार्टअपचं अर्धवट बंद होत नाही. झाकण उघडून बघा. हात लावू नका, नुसतं बघा.

पॅटर्नवाला_उद्यमनगर
सोमवार, दुपारी २.४०

आहे.

भुसा फुंकल्यावर दिसली. हिरवी पट्टी, एका स्क्रूवर बसवलेली. मला राहवलं नाही, हात न लावता वरून व्हर्निअर धरला, २२ बाय ८० मिलिमीटर. इतकी वर्षं मी ती बोर्डाचाच भाग समजत होतो. मग बिलांची फाइल काढली. २०१८ च्या बिलात सातव्या ओळीला चक्क लिहिलंय: 'ऑप्टेन १६ जीबी, १ नग'. पैसे मीच दिलेत. तेव्हा तो म्हणालेला, "मालक, एवढी टाका, डिस्क पळती का नाही बघा." पळाली हे मात्र खरं.

आता तुमचं म्हणणं माझ्या डोक्यात कसं बसलं ते सांगतो, चुकत असेल तर दुरुस्त करा. आमच्यात मोल्डिंग बॉक्सचे दोन भाग असतात, वरचा कोप आणि खालचा ड्रॅग. मधे पिना असतात, त्या जुळल्या तरच दोन्ही भाग बरोबर बसतात. धातू ओतला आणि तो गोठायच्या आत कुणी कोप उचलला, तर कास्टिंग वरच्यातही नाही आणि खालच्यातही नाही. भट्टीचा खर्च तेवढा होतो. ही पट्टी म्हणजे कोप, डिस्क म्हणजे ड्रॅग, आणि आरएसटी म्हणजे पिना. आणि मी जेवून आल्यावर कोप उचलणार होतो.

लेक इथंच बसलीय. तिनं बघितलेलं जसंच्या तसं देतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये स्टोरेज कंट्रोलर्सखाली आरएसटी प्रीमियम कंट्रोलर, ड्रायव्हरची आवृत्ती १६ नं सुरू होणारी, तारीख २०१८ ची. अॅप्सच्या यादीत मात्र आरएसटीचं सॉफ्टवेअर १८ नं सुरू होणारं, तारीख परवाची. ते उघडलं की आत काही नाही, सर्व्हिसशी जोडणी होत नाही एवढंच म्हणतं.

रात्रपाळी
सोमवार, दुपारी ३.०५

कोप-ड्रॅग एकदम बरोबर. भांडण कुठं आहे तेही तुमच्या लेकीनं शोधून दिलं. खाली ड्रायव्हर १६ चा, वर सॉफ्टवेअर आणि सर्व्हिस १८ ची. परवाच्या त्या फुकट अपडेटरनं वरचं बदललं, खालचं तसंच राहिलं, आणि त्यावर विंडोज ११ बसलं. आठव्या-नवव्या पिढीच्या ऑप्टेनवाल्या मशीनला १७ ची मालिका लागते. १८ ची दहाव्या-अकराव्यासाठी, १९ ची त्यापुढच्यांसाठी. आकडा मोठा म्हणून चांगला, असं इथं चालत नाही.

आता क्रम चुकवू नका. अपडेटर काढून टाका, नाहीतर रात्री पुन्हा पाजेल. अॅप्समधून १८ चं सॉफ्टवेअर काढा. ऑप्टेन चालू आहे म्हणून अडवलं तर जबरदस्ती नको, सोडून द्या. डिव्हाइस मॅनेजरमधला कंट्रोलर मात्र अजिबात अनइन्स्टॉल करायचा नाही, तिथंच तुमच्या पिना आहेत. इंटेलच्या किंवा मदरबोर्डच्या साइटवरून ८ व्या-९ व्या पिढीसाठीचं १७ चं पूर्ण इन्स्टॉलर उतरवा आणि वरून बसवा. रीस्टार्ट. सर्व्हिस चालू झाली आणि सॉफ्टवेअरमध्ये पट्टी आणि डिस्क जोडीनं दिसली की मोठा सुस्कारा सोडा.

मग गरजेचं तेवढं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. त्यानंतरच सॉफ्टवेअरमध्ये ऑप्टेन डिसेबल करा. त्या वेळी पट्टीतलं सगळं हार्डडिस्कवर उतरतं. मधे वीज गेली तर वाईट, म्हणून यूपीएस तपासून घ्या. हे झाल्यावर सातव्या गल्लीनं सांगितलेलं एएचसीआय बिनधास्त करा, त्याची पद्धत अगदी बरोबर आहे.

सातवी_गल्ली
सोमवार, दुपारी ३.२०

काका, माफ करा. आमच्या दोन्ही मशीनला नुसती एसएसडी होती, म्हणून पाच मिनिटांत झालेलं. पट्टीचा विचार डोक्यातही आला नाही. मी दहा जणांना तरी हेच सांगितलंय. आज संध्याकाळी फोन करत बसतो.

जयसिंगपूरकर
सोमवार, दुपारी ४.१५

एवढी कटकट कशाला, सेटिंग्समधून गो बॅक करा. दहा दिवस विंडोज १० ला परत जाता येतं.

रात्रपाळी
सोमवार, दुपारी ४.३०

येतं, पण त्या वेळी डिस्क आणि कंट्रोलर मनासारखे चालत असावे लागतात. दर दहा मिनिटांनी रीसेट होणाऱ्या कंट्रोलरवर मी तरी अख्खं विंडोज मागं नेणार नाही. १७ बसून मशीन शांत झालं की जायचं तर जाऊ दे. फक्त जुनाच ड्रायव्हर परत आला तर दोन दिवसांनी पुन्हा इथंच भेटू.

पॅटर्नवाला_उद्यमनगर
मंगळवार, रात्री ९.५०

काल रात्री लिहायचं त्राण नव्हतं. आज सविस्तर.

१८ चं काढताना अडवलंच. सोडून दिलं. १७ चं वरून बसवताना ते म्हणालं, यापेक्षा नवीन आवृत्ती आहे, तरी बसवू का? लेकीचा हात थबकला. आम्हा सगळ्यांना नवीन म्हणजे बरं अशीच सवय. मी म्हटलं, बसव. रीस्टार्टला नेहमीपेक्षा वेळ लागला आणि त्या दोन मिनिटांत मी अख्खं दुकान झाडून काढलं.

सॉफ्टवेअर उघडलं तर चित्रच आलं: पट्टी एका बाजूला, डिस्क दुसऱ्या बाजूला, मधे रेघ. वीस मिनिटं नुसता इव्हेंट व्ह्यूअर बघत बसलो. १२९ एकही नाही. मग ई वरची सगळ्यात जड असेंब्ली उघडली, एका पंपाच्या केसिंगची. सरळ उघडली.

कॉपी करायला दुपारी नवीन बाहेरची डिस्क आणली होती. रोबोकॉपीनं (विंडोजच्या कॉपी करायच्या कमांडनं) ३४० जीबी काढायला पावणेतीन तास लागले. तेवढ्यात साडेआठला आमच्या लाइनची वीज गेली. यूपीएसनं शिट्टी मारली, मी खुर्चीतून उठून उभा राहिलो, लेक बसूनच होती. "बाबा, आत्ता नुसती कॉपी चाललीय. डिसेबल करताना गेली असती तर उठायचं." सहा मिनिटांत वीज आली. पण त्यामुळं डिसेबल करायचं रात्री न करता आज सकाळी सातला केलं, उद्यमनगर जागं व्हायच्या आत. बावीस मिनिटं लागली. लाल दिवा सतत पेटलेला, पण या वेळी ते बघून बरं वाटलं. संपल्यावर ई एकटाच, सुटा, सगळ्या फाइलींसकट. मागच्या आठवड्यात सेव्ह केलेली नऊ ड्रॉइंग मुद्दाम उघडून बघितली. नऊच्या नऊ आहेत.

मग सातव्या गल्लीची पद्धत: सेफ बूट, बायोस, एएचसीआय, टिक काढली. खरोखर पाच मिनिटं. भावा, त्यात तुझी चूक नव्हती, ते काम फक्त शेवटी करायचं होतं.

डिस्क आता जरा हळू चालते, मोठी असेंब्ली उघडताना कळतं. पट्टी काढून डबीत ठेवलीय. परत लावायची नाही. इंटेलनंच २०२२ च्या जुलैत ऑप्टेनचा धंदा गुंडाळत असल्याचं जाहीर केलंय असं लेकीनं शोधून सांगितलं. त्यापेक्षा ई लाही एसएसडी घेऊ म्हणते, आणि जुनी हार्डडिस्क बॅकअपला. बॅकअपची डिस्क या वेळी घरी नाही, मेहुण्याकडं कळंब्याला राहणार. तिथवर पाणी चढलं तर कोल्हापुरात माझ्या ड्रॉइंगची काळजी करायला कुणी उरणार नाही.

कोअर बॉक्सचं ड्रॉइंग साडेनऊला गेलं. गिऱ्हाइकानं अकराला फोन करून त्यात दोन बदल सांगितले.

जयसिंगपूरकर
मंगळवार, रात्री १०.३०

माझं पण २०१८ चंच मशीन आहे. हिरवी पट्टी कुठं असते म्हणालात?

पॅटर्नवाला_उद्यमनगर
मंगळवार, रात्री १०.४१

माझ्याकडं प्रोसेसरच्या पंख्याखाली, ग्राफिक कार्डाच्या खाचेजवळ आडवी होती. आधी भुसा झटका. तुमच्याकडं पिठाची गिरणी असेल तर पीठ.